अकरावीचे शब्द

दहावीचा निकाल लागला की मोताळ्यातील व्यापारी घरांत एकाच प्रश्नाची चर्चा सुरू होते: विज्ञान शाखा झेपेल का? गुण चांगले असतात, मुलाची किंवा मुलीची इच्छाही असते. कोणी राजूर घाट चढून बुलढाण्याला जाते, कोणी मलकापूरला, कोणी थेट अकोल्याला खोली घेऊन राहते. दिवाळीला घरी आल्यावर मात्र तेच मूल खाली मान घालून सांगते की वर्गात काही कळत नाही. वडील गल्ल्यावर बसल्या बसल्या निष्कर्ष काढतात की विज्ञान याच्या आवाक्याबाहेरचे आहे. पुढल्या वर्षी वाणिज्य घेऊ, नाही तर दुकान आहेच. दुकानात बसण्यात कमीपणा काहीच नाही. परंतु ज्या कारणावरून हा निर्णय होतो, ते कारण पुष्कळदा खरे नसते. मूल विज्ञानापाशी अडलेले नसून शब्दांपाशी अडलेले असते.

मराठी माध्यमाचा विद्यार्थी दहावीपर्यंत प्रकाशसंश्लेषण, अपवर्तन, उत्प्रेरक, पेशीविभाजन हे सारे शिकलेला असतो. अकरावीत विज्ञानाचे अध्यापन इंग्रजीतून होते आणि तेच विषय फोटोसिंथेसिस, रिफ्रॅक्शन, कॅटॅलिस्ट, सेल डिव्हिजन अशी नावे धारण करून समोर उभे राहतात. सेमी-इंग्रजीतून आलेल्यांची विज्ञानापुरती सुटका होते. पण इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र त्यांनीही मराठीतूनच वाचलेले असते. त्यामुळे पुढे इंग्रजी पुस्तकात डेमोग्राफी किंवा सॉव्हरिन्टी आली की लोकसंख्याशास्त्र आणि सार्वभौमत्व जाणणारी मुलेही गप्प होतात.

अशा वेळी घरचे लोक जाडजूड शब्दकोश आणून देतात आणि रोज वीस शब्द पाठ करण्याचा नेम घालतात. नेम आठवडाभर टिकतो. पाठ केलेला शब्द कोणत्याही गोष्टीला बांधलेला नसतो, म्हणून तो निसटतो.

खरे पाहता हे शब्द वाटतात तितके परके नाहीत. त्यांतील बहुतेक ग्रीक आणि लॅटिन तुकडे जोडून घडवलेले आहेत आणि मराठी परिभाषा सिद्ध करणाऱ्या विद्वानांनी अनेकदा तेच तुकडे संस्कृतात मांडले. फोटो म्हणजे प्रकाश, सिंथेसिस म्हणजे एकत्र जोडणे. प्रकाशसंश्लेषण हा त्याचाच जुळा भाऊ. भूगोलातील पेनिन्सुला पाहा. लॅटिनमध्ये इन्सुला म्हणजे बेट आणि पेने म्हणजे जवळजवळ. मराठीने केलेला शब्द द्वीपकल्प, म्हणजे बेटासारखा. पाठशाळेत जंबुद्वीप, धातकीखंड ऐकत वाढलेल्या मुलाला द्वीप शिकवावे लागत नाही.

हे इन्सुला मोठे कामाचे आहे. विजेच्या खांबावरील चिनी मातीचा इन्सुलेटर प्रवाहाला बेटासारखे एकटे पाडतो. करोनाकाळात प्रत्येक घराने ऐकलेले आयसोलेशन याच कुळातले. आणि ज्या घरात आजोबांना मधुमेह आहे, त्या घरातील फ्रिजमध्ये ठेवलेले इन्सुलिनही तेच: स्वादुपिंडात पेशींचे छोटे छोटे पुंजके बेटांसारखे विखुरलेले असतात, त्यांतून हा रस स्रवतो म्हणून हे नाव. भूगोल, भौतिकशास्त्र आणि जीवशास्त्र अशा तीन विषयांचे शब्द एका मुळातून हाती येतात. ते पाठ करावे लागत नाहीत.

व्यापाऱ्याच्या घरात ही रीत समजावून सांगणे सोपे आहे, कारण ती वहीखात्याचीच आहे. दिवसभरात भेटलेला प्रत्येक नवा शब्द आधी कीर्दीत उतरवावा: इंग्रजी शब्द, पाठ्यपुस्तकातील मराठी संज्ञा आणि तो जिथे भेटला ते वाक्य. आठवड्याने त्याची खतावणी करावी. इन्सुलाचे एक खाते, फोटोचे दुसरे, पाण्याच्या हायड्रोचे तिसरे. नुसती कीर्द लिहिणाऱ्या दुकानदाराला कोणाकडे किती येणे आहे ते कळत नाही. नुसती यादी करणाऱ्या विद्यार्थ्याचेही तसेच होते. जुने कोशकार हे ओळखून होते. आचार्य हेमचंद्रांनी बाराव्या शतकात रचलेला अभिधानचिंतामणी अकारविल्हे लावलेला नाही. देवाधिदेव, देव, मर्त्य अशा सहा कांडांत विषयवार शब्द गुंफलेले आहेत. तो कोश शब्द शोधण्यापेक्षा मुखोद्गत करण्यासाठी होता.

कित्येक शब्द तर दुकानात आधीच येऊन बसलेले आहेत. सोयाबीन घेताना मॉइश्चर किती, कापूस पाहताना स्टेपल किती लांब, हे न शिकलेला हमालही बोलतो. मॉइश्चर म्हणजे रसायनशास्त्रातील आर्द्रता, हे एकदा सांगितले की पुरे. सलाइनची बाटली सर्वांना ठाऊक; पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्याचे वर्णन करताना इंग्रजी भूगोल जी सॅलिनिटी सांगतो, ती त्याच घराण्यातली. पुस्तकातील रेगूर म्हणजे घाटाखालची, कपाशीची काळी जमीन. हा शब्द इंग्रजीने तेलुगूतून उचलला. बसाल्ट, इम्पॅक्ट क्रेटर आणि अल्कलाइन हे तिन्ही शब्द शिकायला याच जिल्ह्यातील लोणारच्या सरोवराच्या काठावर उभे राहावे. खडक काळा आहे, विवर उल्कापाताचे आहे, पाणी खारट आणि अल्कधर्मी आहे. इन्फ्लेशनला मराठी वर्तमानपत्रे चलनफुगवटा म्हणतात. इंग्रजी शब्दाच्या पोटातही फुंकर मारून फुगवणेच आहे.

काही शब्द मात्र विषय बदलला की अर्थ बदलतात आणि चाचणी परीक्षेत घात करतात. रिव्होल्यूशन भूगोलात पृथ्वीचे परिभ्रमण, इतिहासात फ्रान्सची राज्यक्रांती. १५४३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या नावात कोपर्निकसने तो आकाशस्थ गोलांच्या फेऱ्यांसाठी वापरला. राजवट उलथण्याचा अर्थ नंतर रूढ झाला. गंमत अशी की मराठीतील क्रांतीचेही एक पाऊल आकाशातच आहे. सूर्याच्या भासमान मार्गाला क्रांतिवृत्त म्हणतात. कल्चर समाजशास्त्रात संस्कृती, प्रयोगशाळेत जंतूंचे संवर्धन, आणि ॲग्रीकल्चरमध्ये मशागत.

मूळ पाहण्याच्या या रीतीलाही मर्यादा आहेत. इनऑर्गॅनिकमधील इन नकार सांगतो, म्हणून टँकरवरील इन्फ्लेमेबल म्हणजे न पेटणारे, असा तर्क कोणी केला तर आग लागेल. तिथे इनचा अर्थ आत असा आहे आणि पदार्थ भडकणारा आहे. ऑक्सिजनचे मूळ आम्ल निर्माण करणारा असे आहे, पण प्रत्येक आम्लात तो असतो ही लव्हाझिएची समजूत पुढे चुकीची ठरली. सर्वांत मोठा गोंधळ अणूचा. मराठी पुस्तकात अणू म्हणजे ॲटम आणि रेणू म्हणजे मॉलिक्यूल. मोबाइलवरील हिंदी शिकवणीत ॲटमला परमाणु म्हणतात आणि अणु म्हणजे मॉलिक्यूल. त्यातच पाठशाळेत अविभाज्य पुद्गल-परमाणू आणि त्यांचे स्कंध शिकलेले असतात. विज्ञानातील ॲटम फोडता येतो, पाठशाळेतील परमाणू नाही. ही तीन खाती वेगळी ठेवली नाहीत तर हुशार मुलाचेही गुण जातात, आणि याची सूचना वर्गात क्वचितच मिळते.

बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत दर्पण सुरू केले, तेव्हा एकाच पानावर एका स्तंभात मराठी आणि दुसऱ्यात इंग्रजी मजकूर छापला. वाचकाला शब्दकोश उघडावा लागत नव्हता. शेजारच्या स्तंभाकडे नजर टाकली की झाले. आजच्या मुलांनाही तशी सोय आहे. बालभारतीचे दहावीचे विज्ञान मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही माध्यमांत निघते, प्रकरणे तीच आणि आकृत्याही त्याच. दोन्ही पुस्तके बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. राज्य शासनाच्या भाषा संचालनालयाचे विषयवार परिभाषा कोशही आहेत. अर्थशास्त्राचा कोश वाणिज्य घेणाऱ्यांनी अवश्य पाहावा. दहावीची परीक्षा मार्चमध्ये आटोपते आणि अकरावीचे वर्ग भरेपर्यंत निदान तीन महिने हातात असतात. सकाळी दुकान उघडून ऊदबत्ती लावून झाली, की गिऱ्हाइकांची वर्दळ सुरू होईपर्यंतचा तास दोन पुस्तके शेजारी मांडून बसायला पुरेसा आहे.