मोहन चोळू द्या मुलांना

दौंडच्या एका भगिनीने विचारलं आहे, "ह्यांची रेल्वेत नोकरी. रात्रपाळी करून आले की दुपारी चारपर्यंत झोपतात. घर दोन खोल्यांचं. मुलगा आठ वर्षांचा, मुलगी पाच. सुट्टीत ह्यांना गप्प कसं बसवायचं? हातात मोबाईल दिला की बसतात, पण काढून घेतला की रडारड होते आणि तिनेच ह्यांची झोप मोडते. काही तरी सुचवा."

मैत्रिणींनो, ही अडचण त्यांच्या एकटीची नाही. आमच्या शिरूरकडे रांजणगावच्या कारखान्यांतल्या पाळ्या, तिकडे दौंडकडे कुरकुंभच्या पाळ्या आणि रेल्वे. दिवसा झोपणारा माणूस घराघरात आहे. त्याची झोप नीट झाली नाही तर रात्री कामावर धोका, हे काय मी सांगायला हवं? आणि मुलं तरी बिचारी किती वेळ श्वास रोखून बसणार!

मला विचाराल तर मुलांना गप्प बसवता येत नाही, त्यांचे हात गुंतवता येतात. हात गुंतले की तोंड आपोआप हळू होतं. म्हणून आज एक असा पदार्थ सांगते, ज्याला मिक्सर लागत नाही, अंडी फेटावी लागत नाहीत, कुटणं नाही की कुकरची शिटी नाही. पदार्थ आहे मनुकांचे स्कोन.

नाव इंग्रजी वाटलं म्हणून दचकू नका. स्कोन मूळचे स्कॉटलंडचे. पूर्वी तिथे ते भट्टीत नव्हे, तव्यावरच भाजत, आपल्या दशमीसारखे. पुढे बेकिंग पावडर आली आणि ते फुगायला लागले. ती पावडर १८४३ साली आल्फ्रेड बर्ड नावाच्या इंग्रज औषधविक्याने तयार केली, कारण त्याच्या बायकोला यीस्ट सोसत नसे. बायकोच्या पथ्यासाठी नवऱ्याने एवढी खटपट केली, हे आपल्या ह्यांना जरूर वाचून दाखवा! आणि आपल्या गावांना भट्टीचे पदार्थ काही नवे नाहीत. शिरूरला इंग्रजांची छावणी होती, दौंडला रेल्वेमुळे अँग्लो-इंडियन कुटुंबं राहत. नानकटाईचे पत्रे डोक्यावर घेऊन बेकरीत भाजायला नेणाऱ्या आयाही पुष्कळांनी पाहिल्या असतील.

साहित्य (८ ते १० नगांसाठी): मैदा २ कप (सुमारे २५० ग्रॅम; हवं तर निम्मी कणीक घ्या, थोडे जड होतात पण पोटभरीचे होतात), बेकिंग पावडर ३ सपाट लहान चमचे, साखर ३ मोठे चमचे, थंड लोणी ५० ग्रॅम म्हणजे १०० ग्रॅमच्या पाकिटातलं निम्मं, मनुका किंवा बेदाणे अर्धा कप, दूध अर्ध्या कपाहून थोडं जास्त. विकतचं लोणी खारं असतं, तेव्हा वेगळं मीठ नको. घरचं असेल तर चिमूटभर घाला. मनुकांऐवजी पुरंदरचे सुके अंजीर बारीक चिरून घातले तर फारच छान. मुलांना टुटीफ्रुटी आवडते, तीही चालेल. ती कच्च्या पपईची करतात हे सांगा, म्हणजे त्यावर पाच मिनिटं चर्चा होईल.

कृती म्हणाल तर तुम्हाला ती येतेच. शंकरपाळ्यांना मोहन चोळतो तसंच हे. फरक एवढाच, की शंकरपाळ्यांना मोहन कडकडीत, इथे थंडगार. लोणी घट्ट राहिलं की त्याचे बारीक कण मैद्यात तसेच राहतात, आणि भाजताना ते वितळून आत पदर सुटतात. आपल्याकडे मे महिन्यात लोणी ओट्यावर ठेवलं की पाणी होतं. म्हणून ते अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवा आणि किसणीवर तुम्हीच किसून द्या. मग मुलांनी बोटांच्या टोकांनी, तळव्याने नव्हे, मैद्यात चोळायचं. मिश्रण रव्यासारखं दिसलं की थांबायचं. त्यात साखर आणि मनुका मिसळायच्या.

दूध घालण्याच्या आधी भांडं तापत ठेवा, कारण बेकिंग पावडरला ओल लागली की तिचा वायू सुटायला लागतो. गोळा ताटकळला तर फुगण्याची ताकद तिथेच जाते. दूध थोडं थोडं घालून गोळा जेमतेम जमवा. पोळीच्या कणकेसारखा तिंबायचा नाही, तिंबला की चिवट झाला. बोटाच्या पेराएवढा जाड थापा, आणि लहान वाटीच्या कडेला मैदा लावून सरळ खाली दाबून गोल पाडा. वाटी फिरवली तर कडा मिटतात आणि स्कोन एका अंगाला कलतो. वरून दुधाचं बोट फिरवा, फक्त वरून.

छोटा ओव्हन असेल तर तो आधी तापवून २०० अंशांवर १२ ते १५ मिनिटं. नसेल तर जाड बुडाची कढई घ्या. (नॉनस्टिक मुळीच नको, ती रिकामी तापवणं वाईट.) तळाला दोन वाट्या जाडं मीठ, त्यावर स्टँड, वर घट्ट झाकण. मध्यम आचेवर १० मिनिटं तापवा, मग तूप लावलेल्या ताटलीत स्कोन ठेवून मंद-मध्यम आचेवर २५ मिनिटं झाका. कढईत वरचा रंग येत नाही. शेवटी तव्यावर मिनिटभर उलटे ठेवले की येतो. मीठ गार करून बरणीत भरा, पुन्हा भाजायला होतं, पण स्वयंपाकात वापरू नका.

आता कामांची वाटणी. तीन-चार वर्षांच्या मुलाला मनुका धुऊन, देठ काढून पुसायला द्या. पाच वर्षांची मुलगी मोहन चोळेल, गोल पाडेल. आठ वर्षांच्या मुलाने मापं घ्यायची आणि घड्याळ बघायचं. शेगडी मात्र फक्त आईची. खाली जुनी वर्तमानपत्रं पसरा, पंखा बंद ठेवा, मैद्याचं ताट जमिनीवर घ्या. ओट्याशी स्टूल लावून मूल उभं केलं की पडण्याची भीती, शिवाय स्टूल सरकल्याचा आवाज!

मी शाळेत अर्धवेळ शिकवते. तिसरी-चौथीच्या मुलांना फळ्यावरचा पाव आणि पाऊण पाठ असतो, पण पाव कप चार वेळा ओतला की एक कप भरतो हे ज्याने स्वतः ओतून पाहिलं, त्याला ते पुन्हा विचारावं लागत नाही. हाताने शिकणं ही काही नवी टूम नाही. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींनी नयी तालीम मांडली ती हाच धागा धरून. आणि त्याच्याही आधी आपल्या दौंड तालुक्यातच, केडगावला, पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशनमध्ये मुलींना अक्षरओळखीच्या जोडीने छपाई-विणकामासारखी कामं शिकवली होती.

त्या भगिनीने पत्रात शेवटी एक ओळ लिहिली आहे. "मुलीला स्वयंपाकघरात घेते, पण मुलाला घेतलं तर सासूबाईंना आवडत नाही." खरं सांगू, मला मोबाईलपेक्षा हीच ओळ अधिक महत्त्वाची वाटली. पाच वर्षांची मुलगी मनुका निवडते तेव्हा ते 'वळण', आणि आठ वर्षांच्या मुलाने तेच केलं की 'बायकी'! उद्या हा मुलगा शिकायला पुण्याला खोली घेऊन राहील, तेव्हा त्याला साधा भात येणार नाही आणि मग आपणच म्हणू, पोराचे हाल होतात हो. सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांना जवळ बसवा आणि नातवाला त्यांच्याकडेच पाठवा, "आजी, मोहन बरोबर झालं का बघ." ज्या हातांनी चाळीस वर्षं करंज्या केल्या, त्या हातांना हे विचारणारं कोणी तरी हवंच असतं. आणि स्कोन त्याने केले म्हणून ताटल्या मुलीने घासायच्या, असं मात्र होऊ देऊ नका. दोघांनी मिळून आवरायचं.

काळजीच्या चार गोष्टी सांगायलाच हव्यात. कच्चं पीठ मुलांना चाखू देऊ नका, मैदा कच्चं धान्यच आहे, त्यात जंतू असू शकतात. अगदी लहान मुलाला अख्खे बेदाणे वा सुकामेवा देऊ नका, घशात अडकतो. बारीक चिरून द्या. तापलेली कढई आणि मीठ बराच वेळ गरम राहतं, तेव्हा ती पूर्ण निवेपर्यंत मागच्या शेगडीवरच असू द्या. आणि चटका बसलाच तर भाजलेला भाग लगेच नळाच्या वाहत्या पाण्याखाली पूर्ण २० मिनिटं धरा. अंगठी-बांगडी आधी काढा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप काही लावू नका. फोड मोठा असेल किंवा चेहऱ्याला, हाताला भाजलं असेल तर डॉक्टरांकडे न्या.

वेळेचं गणित असं बसवा: अडीचला लोणी फ्रीजरमध्ये, तोवर मनुका निवडून आणि मापं घेऊन होतात. तीनला मोहन, सव्वातीनला कढई तापत, साडेतीनच्या आत स्कोन आत. चारला चहा टाकलात की ताजे स्कोन तयार.

इंग्लंडात ते जॅम आणि घट्ट सायीबरोबर खातात. साय तर आपल्या पातेल्यात रोजच धरते, आणि जॅमऐवजी दौंडकडच्या गुऱ्हाळाची काकवी घाला. विकतच्या जॅमची आठवणही राहणार नाही. स्कोन त्याच दिवशी संपवावेत. उरलेच तर डब्यात घट्ट झाकून ठेवा आणि सकाळी मधून कापून तव्यावर किंचित लोण्यावर शेका, शाळेच्या डब्याला होतात.

पहिल्या खेपेला आकार वेडेवाकडे येतील. ते हाताने नीट करायला जाऊ नका. जो ज्याने पाडला, तो त्यानेच ओळखून खावा.