घरच्या घरी : काळीभोर झिलई

दिवाळीची झाडलोट निघाली की माळ्यावरचे एखादे जुने स्टूल हमखास खाली येते. तीन पाय सागाचे, चौथा आंब्याचा, बैठक कुठल्याशा खोक्याच्या फळीची! असल्या सरमिसळीला काळ्या रंगासारखा दुसरा उपाय नाही. आजोबांच्या शिसवी खुर्चीला मात्र कृपा करून काळे फासू नका. ती पुसून थोडे मेण चोळले की पुरे.

काळा रंग मोठा चहाडखोर. तपकिरी पॉलिशात खपून जाणारा ओरखडा काळ्या चकाकीत दारातूनच दिसतो. म्हणून जुने पॉलिश लाकूड उघडे पडेपर्यंत काढावे आणि पॉलिशपेपर रेषांच्या दिशेनेच चालवावा.

आता रंग. लोखंडी खिळे किंवा लोखंडाचा कीस व्हिनेगरमध्ये चारपाच दिवस भिजवून गाळून घ्यावा. बाटलीला घट्ट बूच नको. आत वायू धरतो. हिरडा कुटून उकळावा, तो काढा लाकडाला लावून वाळू द्यावा आणि वर हे लोखंडाचे पाणी फिरवावे. पाहता पाहता लाकूड काळे पडते. हिरडा आणि हिराकस यांची शाई पूर्वी करीत, तीच ही किमया. रंग लाकडात मुरत असल्याने सहसा टवका उडत नाही. पाण्याने उभे राहिलेले तंतू वाळल्यावर हलकेच घासावेत. छिद्रे बुजवायला लांबी वापराल तर तीत काजळी घाला. नाहीतर पांढरे ठिपके डोकावतील.

झिलईसाठी अर्धा लिटर स्पिरिटात १०० ग्रॅम चपडा लाख रात्रभर विरघळवावी. धुवट मलमलीत कापसाचा बोळा बांधून तो गोलगोल फिरवावा, शेवटी सरळ. बोळा मध्येच थांबला की चिकटलाच आणि खालचा थर उचकटलाच! जाड हात एक देण्यापेक्षा पातळ दहा द्यावेत, प्रत्येक वाळू देऊन. घाई होणाऱ्या माणसाने हे काम सुताराकडे सोपवावे. दमट हवेत लाख पांढुरकी पडते, म्हणून पाऊस सरल्यावरचे कोरडे दिवस निवडावेत.

पॉलियुरेथेन अधिक टिकते खरे, पण त्यावरचा ओरखडा सांधणे कठीण. लाखेचा थर स्पिरिटाच्या बोळ्याने पुन्हा एकजीव होतो. मात्र त्यावर गरम चहाचा कप ठेवला की पांढरे कडे उमटलेच.

आणि सणाचे दिवस आहेत, म्हणून बजावते : स्पिरिटाची वाफ पटकन पेटते. खिडक्या उघड्या ठेवा. पणती, उदबत्ती, गॅस जवळपास नको. बोळ्याला जवसाचे तेल लावले असेल तर ती चिंधी चुरगाळून केरात टाकू नका. ती आपोआप पेट घेऊ शकते. पाण्यात बुडवा किंवा बाहेर पसरून वाळवा.