खिचडीचा डाग लाल का झाला?

मुलांनो, मागे एकदा आमच्या वर्गात गंमत झाली. आता गंमत म्हणायची, त्या दिवशी मात्र रडारड होती! शुक्रवारी मधल्या सुट्टीत खिचडी वाढून झाली आणि चौथीतल्या एका मुलाच्या ताटाला कुणाचा तरी धक्का लागला. पिवळीधमक खिचडी थेट पांढऱ्या शर्टावर! घरी बोलणी बसतील म्हणून पठ्ठ्या कुणाला न सांगता नळावर गेला आणि साबणाच्या वडीनं डाग घासू लागला. बघतो तर काय, पिवळा डाग लाल झालेला! रडतच माझ्याकडे आला. "बाई, मी आणखीनच खराब केला." गणवेशाचा त्याच्याकडे तो एकच शर्ट, आणि सोमवारी शाळेत पाहुणे यायचे होते.

मी म्हटलं, "अरे, बिघडलं काहीच नाही. नुसतं पाणी ओत बघू." दोन-तीन तांबे पाणी ओतल्यावर लाल रंग गेला आणि डाग पुन्हा पिवळा झाला. रडणं थांबलं, पण प्रश्न सुरू झाले!

त्याचं असं आहे. हळदीत कुरकुमिन नावाचा पिवळा रंग असतो. आपला कपड्यांचा साबण आम्लारिधर्मी असतो. (हा शब्द अवघड वाटला तर सातवीतल्या ताईला विचारा.) त्याच्याशी गाठ पडली की हळद लाल होते. साबण धुऊन गेला किंवा लिंबू लावलं की परत पिवळी. घरी करूनच पाहा. पाण्यात कालवलेली हळद कागदावर फासून वाळवा आणि साबणाच्या पाण्यात काडी बुडवून त्यावर आपलं नाव लिहा. लाल अक्षरं उमटतील.

मग डाग जातो कसा? साबणानं धुवायचं, भरपूर पाण्यात खळबळायचं आणि ओला शर्ट कडक उन्हात वाळत घालायचा. हळदीच्या रंगाला ऊन सोसत नाही. शनिवार-रविवार दोन्ही दिवस त्याच्या आईनं तसंच केलं. सोमवारी डाग कुठे होता ते शोधावं लागलं! रंगीत कपड्याला मात्र इतकं ऊन देऊ नका, कपड्याचाच रंग उडेल.

म्हणजे डाग कशाचा आहे हे आधी ओळखायचं. कबड्डीत गुडघा फुटून रक्त लागलं, तर गरम पाणी अजिबात नको. अंडं उकडल्यावर पांढरा बलक कसा घट्ट होतो? रक्तातली प्रथिनंही उष्णतेनं तशीच घट्ट होऊन धाग्यात बसतात. लगेच गार पाण्यात भिजवा, मग साबण लावा. दुधाच्या डागालाही हेच.

सायकलच्या चेनचं काळं वंगण पाण्याला दाद देत नाही, कारण ते तेलकट. त्यावर खोबरेल तेलाचे थेंब चोळा. तेल तेलात विरघळतं! मग कापडानं टिपून घ्या आणि भांड्यांच्या साबणानं धुवा. आई म्हणेल, "डागावर आणखी तेल?" तेव्हा हा अंक दाखवा.

बॉलपेनची शाई खिशाला लागली तर आई-बाबांना हाक मारा. डागाखाली जुनं पांढरं फडकं ठेवून वरून स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावलेल्या कापसानं टिपायचं. चोळलं की डाग पसरतो. खालचं फडकं शाई पिऊन घेतं, म्हणून ते सरकवत राहायचं. आणि हे काम गॅसजवळ मुळीच करायचं नाही, स्पिरिट पटकन पेट घेतं. जेल पेनचा डाग मात्र पुष्कळदा असा निघत नाही.

आणखी एक, हे पालकांसाठीही. ब्लीचमध्ये लिंबू किंवा व्हिनेगर कधीही मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो. आणि डाग पूर्ण गेल्याशिवाय इस्त्री फिरवू नका, उष्णतेनं तो पक्का बसतो.

काही डाग मात्र जातच नाहीत. पूर्वी धोबी कपड्यांवर खुणा करायला बिब्ब्याचा रस वापरत, तो याच कारणानं. (बिब्ब्याला हात लावू नका हं, कातडीवर फोड येतात.) केळीचा चीक त्याचाच भाऊ. केळफूल सोलताना माझ्या ओढणीवर पडलेला डाग सहा वर्षं झाली, तसाच आहे. सगळे उपाय करून झाले. आता ती ओढणी मी केळफूल सोलतानाच घेते.