बोट दाखवू नका, बोला!

कॉम्प्युटरवर काळा पडदा नि त्यात लुकलुकणारी एक रेघ दिसली की ‘हे आपलं काम नव्हे’ म्हणून खुर्ची मागे सारणाऱ्या तमाम सुशिक्षित मंडळींशी आज मला भांडायचं आहे.

ही मंडळी साधीसुधी नव्हेत. वर्तमानपत्रातला ऱ्हस्व-दीर्घ चुकला तर संपादकाला पत्र लिहिणारी, शब्दकोडं पेनानं सोडवणारी. पण कॉम्प्युटरपुढे बसली की यांची वाचाच जाते. मग उरतं काय? बोट! या चित्रावर बोट, त्या चित्रावर बोट. वर्षाचं पोर डब्याकडे बोट दाखवतं आणि पुढे एक दिवस ‘खाऊ’ म्हणतं, तेव्हा आपण पेढे वाटतो. आम्ही साठीला आलो नि ‘खाऊ’वरून पुन्हा बोटावर गेलो. त्याला प्रगती म्हणतात!

बरं, चित्रं तरी जागेवर राहावीत? आमच्या शेजारी एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत. चाळीस वर्षं मुलांना त्रैराशिक शिकवलेला माणूस. पण फोनमधलं ऍप रात्रीतून ‘नवीन’ झालं की सकाळी नातवाला विचारतात, “बाळा, कालचं ते निळं बटण कुठं गेलं रे?” मला त्या प्रश्नाचा राग येतो. मास्तरांचा नव्हे, बटण हलवणाऱ्याचा. ज्याच्या हाती बटण, त्याच्या हाती आपण.

शब्दाचं तसं नसतं. अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये १९६९ साली युनिक्स नावाची व्यवस्था जन्मली. ती रचणारे केन थॉम्प्सन यांची पत्नी तान्ह्या मुलाला घेऊन तीन आठवडे कॅलिफोर्नियाला गेली, तेवढ्यात गृहस्थानं मुख्य काम उरकलं. बायको माहेरी गेल्यावर पुरुष काय काय करतात ते आपण जाणतो. इथं ती चक्क सासरी गेली होती! या युनिक्सचं पहिलं माहितीपुस्तक निघालं नोव्हेंबर १९७१ मध्ये. ‘एलएस’ म्हणजे काय काय आहे ते दाखव, ‘सीपी’ म्हणजे नक्कल कर, ‘एमव्ही’ म्हणजे हलव, ‘आरएम’ म्हणजे काढून टाक. पन्नासहून अधिक वर्षं झाली, हे शब्द आजही तेच आणि तिथंच. आपल्या घरात वीस वर्षांत मिठाची बरणीसुद्धा एका जागी राहिलेली नाही.

‘पण नावं किती तुटकी!’ अशी तक्रार असते. त्याला कारण आहे. तेव्हा पडदा नव्हता. तारयंत्राच्या भावंडासारखा खडखडणारा टेलिटाइप होता, सेकंदाला दहा अक्षरं छापणारा, नि त्याच्या कळा दाबताना बोटांना व्यायाम घडे. अशा यंत्रावर कोण लांबलचक लिहील? आपणही तार करताना ‘येतो. पैसे धाडा’ एवढंच लिहीत होतो. तेव्हा तो तुटकपणा कुणाला अवघड वाटला नाही.

पण या शब्दांची खरी गंमत त्यांच्या जोडणीत आहे. ती समजायला जांभूळकराला अमेरिकेत जायला नको, गावातलं जलशुद्धीकरण केंद्र पुरे. बारवीचं पाणी इथं येतं नि शुद्ध होऊन मोठ्या नळांनी अंबरनाथ, डोंबिवलीकडे निघतं. पाणी शुद्ध करण्याची रीत सगळीकडे साधारण एकच. एके ठिकाणी तुरटी, पुढे गाळ बसवायचा, पुढे वाळूचा थर, शेवटी क्लोरीन. प्रत्येक टाकीनं आपलं एकच काम करायचं नि पाणी पुढे सोडायचं. तुरटीची टाकी क्लोरीनच्या कामात नाक खुपसत नाही. बेल लॅब्सच्याच डग्लस मॅकिलरॉय यांनी १९६४ साली एका टिपणात लिहिलं होतं की, बागेतली नळी नळीला जोडतात तसे प्रोग्रॅम जोडता यावेत. १९७३ मध्ये थॉम्प्सननी ती सोय केली. तिचं नावच ‘पाइप’. तिची खूण म्हणजे एक उभी रेघ, थेट आपल्या पोथीतल्या दंडासारखी. फरक एवढाच, पोथीत दंड आला की वाक्य संपतं. इथं पुढचं सुरू होतं.

उदाहरण घ्या लग्नाच्या आमंत्रणांचं. चार जणांच्या चार याद्या आणि चारही याद्यांत तीच ती आत्या. हॉल केवढा घ्यायचा? ‘कॅट’ चारही याद्या एकामागून एक ओततो. ‘सॉर्ट’ नावं क्रमानं लावतो, म्हणजे चारही आत्या शेजारी शेजारी येतात. ‘युनिक’ त्यांतली एकच ठेवतो. शेवटी ‘डब्ल्यूसी’ (नाक मुरडू नका, त्याचं काम मोजण्याचं आहे) ओळी मोजून आकडा सांगतो. चार शब्द, तीन दंड, एक क्षण. नावात एक टिंब इकडचं तिकडे झालं तर मात्र तो दोन माणसं धरतो. पण ते तर कुठल्याही कचेरीत धरतात.

विरोधकांचं ब्रह्मास्त्र मला ठाऊक आहे : ‘आरएम’! एकदा म्हटलं की सहसा फिरून न विचारता पुसून मोकळा. खरं आहे. १९९८ साली ‘टॉय स्टोरी २’ हा चित्रपट तयार होत असताना याच शब्दानं त्याचा बराचसा भाग पुसला गेला. एका बाईंच्या घरी प्रत होती म्हणून निभावलं. पण विळीनं बोट कापतं म्हणून विळी कुणी रस्त्यावर फेकत नाही. विळीवर बसायला शिकतात, नि प्रत घरी ठेवतात. उलट ‘तुमची खात्री आहे ना?’ असं दर वेळी विचारणाऱ्या यंत्राला आपण न वाचताच ‘हो’ म्हणायला शिकलो आहोत. ती सवय जास्त घातक.

आणि पळणार कुठे? मॅकच्या पोटात युनिक्स, अँड्रॉइड फोनच्या पोटात त्याच वळणाचं लिनक्स. जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीत नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवाचून दुसरं काही नाही. चित्रं आहेत ती आपल्यासाठी. आत सगळा कारभार शब्दांनीच चालतो.

म्हणून म्हणतो, मुख्याध्यापकांनो, शब्दकोडेवाल्यांनो, वीस शब्द शिका. अडलात तर ‘मॅन’ लिहून पुढे तो शब्द लिहा. यंत्र स्वतःच पुस्तक उघडून देतं आणि नातवासारखा सुस्कारा सोडत नाही. आपण अक्षरओळख असलेली माणसं आहोत. चित्रांवर बोटं ठेवायचं वय केव्हाच गेलं.