रस्ता तुटण्याची पातळी : जलसंपदा विभागास खुले पत्र

प्रति,
जलसंपदा विभाग, महाराष्ट्र शासन,
मंत्रालय, मुंबई

विषय : शिरोळ तालुका व कृष्णाकाठच्या गावांसाठी गावनिहाय पूरपातळ्या निश्चित करून जाहीर करण्याबाबत

कोल्हापूर जिल्ह्याच्या पूर्व टोकाचा शिरोळ तालुका कृष्णा, वारणा, पंचगंगा आणि दूधगंगा या चार नद्यांच्या खोऱ्यांत पसरलेला असून, कोयनेपासून राधानगरीपर्यंतच्या घाटमाथ्यावर पडलेल्या पावसाचा फार मोठा भाग याच सपाट मुलखातून कर्नाटकात उतरतो. येथील मळी, म्हणजे पुराच्या गाळाने सकस झालेले नदीकाठचे रान, पिढ्यानपिढ्या लोकांना पोसत आली आहे. त्यामुळे पूर येथे कोणाला नवा नाही, आणि पुराशी जुळवून घेण्याची काठावरच्या माणसांची रीतही जुनी आहे. ती रीत २००५, २०१९ आणि २०२१ या तीन महापुरांपुढे अपुरी पडली. तिला बळ देणारी जी माहिती शासनाच्या हाती आहे, ती गावाला उपयोगी पडेल अशा रूपात अद्याप गावापर्यंत पोचलेली नाही, एवढेच या पत्राचे म्हणणे आहे.

पावसाळ्यात या भागात पुराची मोजणी प्रामुख्याने दोन ठिकाणांच्या आकड्यांवर चालते. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट धरली जाते. सांगलीत १९२९ साली बांधलेल्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेसाठी हेच आकडे ४० आणि ४५ फूट आहेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या आणि आयर्विनवर ५७ फुटांच्या वर गेले, तर २०२१ च्या जुलैमध्ये कोल्हापुरात तोही उच्चांक मोडून ते ५६ फुटांपलीकडे पोचले. हे आकडे वृत्तपत्रांत, दूरचित्रवाणीवर आणि मोबाइलवर तासातासाला फिरतात, मात्र या तालुक्यातील आलास, बुबनाळ किंवा औरवाडच्या शेतकऱ्याला त्यांवरून आपल्या गोठ्यात पाणी कधी येईल हे कळत नाही. त्यासाठी त्याला मनातल्या मनात हिशेब मांडावा लागतो आणि तो हिशेब मागच्या पुराच्या आठवणीवर बेतलेला असतो.

आठवणीवरचा हिशेब कसा चुकतो, हे २०१९ ने दाखवून दिले. २००५ साली आयर्विनवर पाणी ५३ फुटांच्या वर गेले होते आणि त्या वर्षीची खूण घराघरांच्या भिंतींवर, उंबऱ्यांवर, देवळांच्या पायऱ्यांवर पक्की झाली होती. पाणी याहून वर येणार नाही, या भरवशावर अनेक कुटुंबांनी धान्याची पोती त्या खुणेच्या वर माळ्यावर चढवली, जनावरे उंचवट्यावर बांधली आणि घरातच थांबण्याचे ठरवले. पाणी त्या खुणेवरून पुढे गेले तेव्हा बाहेर पडण्याचे रस्ते केव्हाच बुडाले होते. लोक पुराचा इतिहास विसरले होते असे मुळीच नाही. एका पुराची उंची त्यांनी सर्व पुरांची कमाल मर्यादा मानली, आणि त्यांना वेगळे सांगणारी दुसरी कोणती मोजपट्टी गावात नव्हती.

येथे तांत्रिक परिभाषेनेही गैरसमजाला हातभार लावला आहे. नदीकाठच्या नकाशांवर निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखल्या जातात. सर्वसाधारणपणे २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची हद्द निळ्या रेषेने आणि १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची हद्द लाल रेषेने दाखवली जाते. निळ्या रेषेच्या आत बांधकामास मनाई असते, तर दोन रेषांमधील पट्ट्यात ते अटींवर करता येते. ‘शंभर वर्षांचा पूर’ हे शब्द ऐकणाऱ्याला असा पूर एकदा येऊन गेला की पुढची शंभर वर्षे चिंता नाही असे वाटते. त्याचा खरा अर्थ असा पूर येण्याची शक्यता प्रत्येक वर्षी शंभरात एक इतकी असते, असा आहे. त्या हिशेबाने तीस वर्षांच्या गृहकर्जावर लाल रेषेच्या काठी घर बांधणाऱ्याला कर्ज फिटण्याआधी पुराचे पाणी पाहावे लागण्याची शक्यता चारात एकाहून किंचित अधिक भरते. सतरा वर्षांत तीन महापूर पाहिलेल्या तालुक्यात तर मूळ शक्यताच पुन्हा मोजून पाहण्याची वेळ आली आहे, आणि रेषा २०१९ व २०२१ च्या प्रत्यक्ष खुणांशी ताडून पाहिल्याखेरीज त्यांवर लोकांचा विश्वास बसणार नाही.

शिरोळच्या पुराचे स्वरूप समजण्यासाठी ‘फूग’ समजणे आवश्यक आहे. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णा आधीच तुडुंब असेल तर पंचगंगेच्या पाण्याला पुढे वाट मिळत नाही, ते मागे सरकते, ओढ्यांमधून उलटे चढते आणि नदीपासून दूरच्या शिवारातही आवाज न करता पसरते. या तुंबून मागे चढणाऱ्या पाण्याला येथे फूग म्हणतात. फुगीचे पाणी उतरतेही सावकाश. आठवडाभर पाण्याखाली राहिलेल्या उसाच्या पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या पानांच्या गाभ्यात, गाळ साचतो, पोंगा कुजतो आणि वरून उभा दिसणारा ऊस आतून वाया जातो. आयर्विनवर पाणी तेवढेच असले, तरी वारणा आणि पंचगंगा किती भरलेल्या आहेत यावर शिरोळमधील पातळी ठरते, म्हणून सांगलीच्या एका आकड्यावरून या तालुक्याला सावध करणे शास्त्रीयदृष्ट्याही अपुरे आहे. केंद्रीय जल आयोगाची अर्जुनवाड व कुरुंदवाड येथील केंद्रे याच तालुक्यात आहेत; परंतु त्यांच्या नोंदी समुद्रसपाटीपासूनच्या मीटरमध्ये असतात आणि गावकरी बोलतात फूट-इंचांत, त्यामुळे हाताशी असलेली मोजणीही लोकांना परकी राहते.

कर्नाटकातील अलमट्टी धरणाचा उल्लेख या विषयात टाळता येत नाही. धरणाची पूर्ण संचय पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत वाढवण्याच्या कर्नाटकाच्या योजनेला महाराष्ट्राचा विरोध आहे आणि त्यामुळे पाणी मागे अधिक तुंबेल ही काठावरच्या लोकांची भीती रास्त आहे. मात्र शासनानेच नेमलेल्या वडनेरे समितीने २०२० च्या अहवालात २०१९ च्या महापुराचे मुख्य कारण अलमट्टी मानले नव्हते. अतिवृष्टीबरोबरच पात्रातील अतिक्रमणे आणि अडथळे यांकडे तिने लक्ष वेधले होते. पुलांच्या दोन्ही बाजूंचे मातीचे भराव पूरमैदानावर आडवे पडतात आणि त्यांत पाण्याला पुरेशा मोऱ्या ठेवलेल्या नसतात, ही तक्रार गावोगावी ऐकू येते. धरणाच्या उंचीचा वाद न्यायालयात आणि दोन राज्यांत चालत राहील. तो सुटेपर्यंत गावाची सुरक्षितता ताटकळत ठेवता येणार नाही.

विभागाकडे मागणी आहे ती गावनिहाय तीन पातळ्यांची. पहिली, गावाबाहेर पडणारा शेवटचा रस्ता ज्या पातळीला पाण्याखाली जातो ती. दुसरी, गावठाणातील पहिल्या घरात पाणी शिरते ती. आणि तिसरी, २०१९ व २०२१ मध्ये गाठलेली कमाल पातळी. या तिन्ही जवळच्या मापन केंद्राशी जोडून, फूट आणि मीटर अशा दोन्ही मापांत, फुगीमुळे पडणारा फरक नमूद करून जाहीर व्हाव्यात. यांतील पहिली सर्वांत मोलाची आहे, कारण कृष्णाकाठी गाव आधी बेट होते आणि घर नंतर बुडते. पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे ८ ऑगस्ट २०१९ रोजी पुराने वेढलेल्या गावातून माणसांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि स्त्रिया-मुलांसह अनेकांचे जीव गेले. रस्ता चालू असताना गाव हलले असते, तर त्या बोटीत बसण्याची वेळ कोणावर आली नसती.

पातळीनुसार कृती ठरवण्याची पद्धत या तालुक्याला शिकवावी लागणार नाही. नृसिंहवाडीच्या दत्तमंदिरात नदीचे पाणी पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते तेव्हा दक्षिणद्वार सोहळा होतो आणि भाविक त्या पाण्यात स्नान करतात. पाणी आणखी चढले की उत्सवमूर्ती वरच्या नारायणस्वामी मंदिरात नेली जाते. कोणत्या पायरीला काय करायचे, हे तेथे आधीपासून ठरलेले आहे आणि त्यासाठी कोणाच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही. जनावरांची सोय, आजारी व गरोदर स्त्रियांचे स्थलांतर आणि चारा-छावणीची जागा यांबाबत तलाठी आणि ग्रामपंचायत यांच्याकडेही अशीच पायरीनिहाय नोंद असावी. जनावरे मागे ठेवून येथील शेतकरी घर सोडत नाही, म्हणून छावणीची जागा स्थलांतराच्या नोटिशीबरोबरच कळवली गेली पाहिजे.

या कामाला नवे धरण लागत नाही, भूसंपादन लागत नाही. भिंतींवरच्या खुणा अजून दिसतात आणि २०१९ चे पाणी कोणत्या पायरीला टेकले होते हे सांगणारी माणसे गावात आहेत. रंगरंगोटीत आणि नव्या बांधकामांत त्या खुणा पुसल्या जाण्यापूर्वी त्यांची उंची सर्वेक्षकांनी मोजून घ्यावी. येत्या १ मेच्या ग्रामसभेत प्रत्येक गावाचा तक्ता वाचून दाखवावा, गावकऱ्यांच्या दुरुस्त्या नोंदवून घ्याव्यात आणि पावसाळा सुरू होण्याआधी तो ग्रामपंचायतीच्या व शाळेच्या भिंतीवर रंगवावा, ही विनंती.