आधी ब्रेक, मग रंग

जुना लष्करी ट्रक हाती आला की बहुतेक जण आधी रंगाचा डबा आणतात. हिरवा रंग चढतो, बॉनेटवर पांढरा तारा उमटतो, इंजिन धडधडतं आणि फोटो निघतात. माझा आग्रह उलटा आहे. जो ट्रक भरवशाने थांबत नाही, त्याला चालू करायची घाई करू नये.

शिरपूर जैनहून अकोल्याला निघालं की मेडशीपुढे पातूरचा घाट लागतो. शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनाला अकोल्याकडून येणाऱ्या गाड्याही याच वाटेने येतात. या सदरात मी जुन्या गाड्यांवर प्रेमाने लिहितो, पण लिहिताना हा उतार डोळ्यांसमोर असतो.

जीएमसीचा अडीच टनी ‘सीसीकेडब्ल्यू’ ट्रक घ्या. दुसऱ्या महायुद्धात असे साडेपाच लाखांहून अधिक ट्रक बनले. आसामातून निघणाऱ्या लेडो रस्त्यावर त्यांनीही रसद ओढली. त्याचे ड्रम ब्रेक ऑइलवर चालतात आणि पायाला मदत म्हणून व्हॅक्यूम बूस्टर आहे. पण सगळ्या चाकांना मिळून ऑइलचं सर्किट एकच. एक नळी फुटली की पॅडल तळाला जातं आणि सगळी चाकं मोकळी होतात. हँडब्रेकही चाकांवर नाही, प्रोपेलर शाफ्टच्या वाटेवर आहे. शाफ्ट तुटला तर तोही कामातून गेला. त्या काळी हीच रीत होती, त्यात कुणाचा दोष नाही. मात्र आज तो ट्रक चालवणाऱ्याला ‘चालतंय की’ म्हणायची सोय राहत नाही.

अशा ट्रकचे ब्रेक उभ्या उभ्याच खराब होतात. साधं ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नवं डॉट ३ ऑइल २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की हीच मर्यादा १४० पर्यंत उतरू शकते. घाटात ड्रम तापले की ऑइलची वाफ होते आणि पाय नुसताच खाली जातो. तेच पाणी व्हील सिलेंडरला आतून गंज आणतं. वरवरचा गंज घासून निघतो. खोल खड्डे पडले असतील तर स्लीव्ह बसवावी किंवा सिलेंडर बदलावा. नवी रबरं टाकून भागत नाही. रबरी होज बाहेरून धड दिसतो, पण आतून फुगलेला असतो. दाब पुढे जातो, मागे येत नाही आणि चाक जाम होतं. म्हणून होज सरसकट नवे घालावेत. लायनर बदलताना एका ॲक्सलची दोन्ही चाकं एकदमच करावीत, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते. हवा काढायची ती सर्वांत लांबच्या चाकापासून.

आणि मिस्त्री मंडळींना हात जोडून सांगणं : जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतो. ड्रम उघडून कंप्रेसरची हवा मारू नका. ती धूळ फुप्फुसात जाते आणि कित्येक वर्षांनी कर्करोग होऊन समोर येते. ओल्या फडक्याने पुसा, तोंडावर चांगला मास्क बांधा.

आता सरकारकडे एक मागणं. जुलै २०२१मध्ये केंद्राने पन्नास वर्षांवरच्या वाहनांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम आणले. पण त्यांत दुचाकी आणि खासगी प्रवासी चारचाकीच येतात, मालट्रक नाही. जीपला दार उघडं, तिच्या मागून रसद ओढणारा ट्रक मात्र बाहेर. मोठे बदल झालेली गाडी व्हिंटेज ठरत नाही. तिथेही नियमाचं लक्ष चासी, बॉडी आणि इंजिनावर आहे, ब्रेकवर नाही. ट्रकला या यादीत घ्यावं, आणि दरवर्षी उतारावर ब्रेकची चाचणी देण्याच्या अटीवरच घ्यावं. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयातली वाहनं जागेवर उभी राहून इतिहास सांगतात. जो ट्रक रस्त्यावर येऊन इतिहास सांगणार, त्याच्यावर रस्त्यावरच्या माणसांची जबाबदारी आहे.

पुढच्या प्रदर्शनात असा ट्रक दिसला तर रंगाचं कौतुक जरूर करा. पण मालकाला आधी विचारा, ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं? ज्याला तारीख पाठ आहे, त्यानेच ट्रक खरा जपला आहे.