आंघोळीची गोळी घेतलेलीच बरी!

गेल्या रविवारची गोष्ट. सकाळचे साडेनऊ. रविवारी साडेनऊ म्हणजे आमच्या फ्लॅटवर पहाटच. रूममेट दूध आणायला खाली गेली आणि पाचव्या मिनिटाला तिचा फोन. ‘अगं, खाली ये. स्कूटीत मांजर आहे.’

स्कूटीवर नाही, स्कूटीत! थंडी पडायला लागली की इंजिनाच्या उबेला मांजराची पिल्लं आत जाऊन बसतात, हे ऐकून होते. पण आमच्या गाडीतून बाहेर निघालं ते मांजर आहे हे कळायलाच वेळ लागला. पाठ, पोट, मागचे पाय, सगळं ग्रीसने आणि काळ्या ऑइलने माखलेलं. तळहाताएवढा तो गोळा तोंड उघडून ओरडत होता, आणि मधूनच स्वतःला चाटत होता. टेन्शन त्या चाटण्याचंच होतं. मांजर अंगावरचं सगळं जिभेने साफ करतं. म्हणजे अंगावर जे आहे, ते पोटात जाणार.

तोपर्यंत पार्किंगमध्ये सल्लागार मंडळ जमलं होतं. एक काका म्हणाले, रॉकेलने पुसा, मिनिटात निघेल. एक काकू म्हणाल्या, आंघोळीच्या पाण्यात अँटिसेप्टिक टाका. शेजारच्या दादाकडे कुत्र्याचा गोचिडांचा शॅम्पू होता, तो धावत घेऊनही आला. तिघांचाही हेतू चांगला, आणि तिघांचाही सल्ला त्या पिल्लाच्या जिवावर बेतणारा! पण ते मला नंतर कळलं. त्या क्षणी मला आठवत होतं फक्त धुळं.

देवपूरचा डिसेंबर

मी आठ वर्षांची होते. नाताळच्या सुट्टीत धुळ्याला मावशीकडे, देवपुरात. धुळ्याची थंडी ज्यांनी खाल्लीय त्यांना सांगायला नको. डिसेंबर-जानेवारीत तिथला पारा सहा-सात अंशांवर येतो आणि पेपरात धुळ्याचं नाव झळकतं. मागच्या अंगणात मांजर व्यायली होती. मी आणि माझ्या मावसबहिणीने त्यातलं सगळ्यात मळकं पिल्लू निवडलं आणि नळाखाली धरून चंदनाच्या साबणाने चकाचक आंघोळ घातली. फ्रॉकला पुसलं, खोक्यात ठेवलं. सकाळी ते खोक्यात होतं, पण गार.

मावशी रागावली नाही. शेवग्याखाली खड्डा केला आणि एवढंच म्हणाली की लहान जिवाला मळ मारत नाही, थंडी मारते. हे वाक्य मी पुढची वीस वर्षं घेऊन फिरतेय.

म्हणून रविवारी मी आधी पिल्लू ओढणीत गुंडाळलं, आणि मग पशुवैद्यक डॉक्टरांना फोन लावला.

आधी वय, मग पाणी

डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, ‘वजन किती?’ आमच्याकडे काटा कुठला! कोपऱ्यावरच्या किराणावाल्या काकांनी साखरेच्या काट्यावर पिशवीसकट पिल्लू ठेवलं, मग पिशवीचं वजन वजा केलं. ६२० ग्रॅम. साधारण हिशेब सोपा आहे. पिल्लाचं वजन आठवड्याला शंभरेक ग्रॅमने वाढतं. म्हणजे आमचा पाहुणा सहाएक आठवड्यांचा.

आठ आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला पूर्ण आंघोळ घालायचीच नाही, हा पहिला नियम. मांजराच्या अंगाचं तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअस, आपल्यापेक्षा जास्त. एवढ्याशा पिल्लाला ते स्वतःचं स्वतः टिकवता येत नाही. ओलं झालं की ते झपाट्याने गार पडतं. नुसतं मळलेलं असेल तर कोमट पाण्यात बुडवून घट्ट पिळलेला मऊ फडका पुरे. पुसायचं, लगेच कोरडं करायचं, संपलं.

आमची केस मात्र वेगळी होती, कारण ऑइल पोटात जात होतं. डॉक्टर म्हणाले, जिथे लागलंय तेवढंच धुवा, पाच मिनिटांत आटपा आणि लगेच दाखवायला आणा.

मिशन बाथरूम

तर मंडळी, आम्ही जे केलं ते असं. कधी वेळ आलीच तर उपयोगी पडेल.

बाथरूमचं दार-खिडकी बंद, पंखा बंद. गीझर लावून आधी बाथरूम उबदार केलं. दोन टॉवेल उन्हात तापत टाकले. सगळं सामान हाताशी घेतलं, कारण पिल्लू ओलं झाल्यावर ‘अगं, टॉवेल कुठेय?’ चालत नाही.

ग्रीसला पाणी लावून काही होत नाही. आधी स्वयंपाकाचं साधं तेल बोटावर घेऊन डागांवर हलकेच चोळलं. ग्रीस सैल झालं की फडक्याने टिपून घेतलं. अर्धं काम इथेच झालं.

मग दोन टब. दोन्हीच्या तळाशी जुना नॅपकिन, म्हणजे पाय घसरत नाहीत. पाय घसरला की मांजर पॅनिक होतं आणि मग आपले हात जातात! पाणी फक्त दोन-तीन इंच, पिल्लाच्या पोटापर्यंत. गरम किती? बाळाच्या आंघोळीला आई कोपर बुडवून बघते तसं बघायचं. कोपराला ना गार ना गरम लागलं की बरोबर.

एक हात छातीखाली, आणि मागचे पाय आधी पाण्यात. डोक्यावर पाणी ओतायचं नाही, शॉवर तर नाहीच. त्या फवाऱ्याच्या आवाजानेच ते बिथरतं. कानात, डोळ्यांत, नाकात पाणी जाऊ द्यायचं नाही. तोंड फक्त फडक्याने पुसायचं. मगभर पाण्यात भांड्याच्या लिक्विडचे एक-दोन थेंब, ते फक्त तेलकट जागी. हा अर्थातच ग्रीससाठीचा इलाज, रोजचा नाही. मोठ्या मांजरालाही एरवी मांजराचाच शॅम्पू लागतो, आपला चालत नाही, त्याने कातडी कोरडी पडते. दुसऱ्या टबात साबण पूर्ण निघेपर्यंत धुतलं, कारण राहिलेला साबणही शेवटी चाटलाच जातो.

लगेच टॉवेल. चोळायचं नाही, टिपायचं. एक ओला झाला की दुसरा. हेअर ड्रायर आम्ही टाळला. त्याच्या आवाजाने पिल्लू घाबरतं आणि जवळून धरला तर भाजतं. त्याऐवजी कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवली. एकाच बाजूला, म्हणजे गरम झालं तर त्याला सरकता येतं.

आणि हे नीट वाचा. पिल्लाचे कान-पंजे गार लागले, ते मलूल पडलं, ओरडायचं थांबलं, तर ते ‘शांत झालं’ असं समजू नका. आधी ऊब द्या, आणि डॉक्टर गाठा. गार पडलेल्या पिल्लाला लगेच खायला घालू नका, ते पचत नाही. देवपुरात आमचं पिल्लूही संध्याकाळी असंच ‘शांत’ झालं होतं.

काका-काकूंचे सल्ले

डॉक्टरांना सगळे सल्ले वाचून दाखवले. रॉकेल? कातडी भाजते, पोटात किंवा फुप्फुसात गेलं तर जीव जातो. पाण्यात टाकल्यावर दुधासारखं पांढरं होणारं अँटिसेप्टिक? त्यात फिनॉलच्या जातीची रसायनं असतात. ती पचवून बाहेर टाकायची यंत्रणा मांजराच्या यकृतात जवळजवळ नसतेच. म्हणून फिनाइलने पुसलेल्या ओल्या फरशीवरही मांजर चालू देऊ नये. आणि कुत्र्याचं गोचिडांचं औषध? त्यातल्या काहींमध्ये परमेथ्रिन असतं. कुत्र्याला ते चालतं, पण मांजराला झटके येतात.

पिसवा असतील तर बारीक दातांची फणी फिरवा आणि प्रत्येक वेळी ती साबणाच्या पाण्यात बुडवा. हिरड्या गुलाबीऐवजी पांढुरक्या दिसल्या तर पिसवांनी बरंच रक्त प्यायलंय असं समजा. मग फणी ठेवा आणि दवाखाना गाठा.

या सगळ्या धुमश्चक्रीत रूममेटच्या अंगठ्याला दात लागलाच. ‘एवढंसं तर आहे’ म्हणून ती सोडून देत होती. मी नाही सोडलं. रेबीज मांजरांकडूनही होतो, आणि एकदा लक्षणं दिसली की त्यावर इलाज नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची, घड्याळ लावून. मग त्याच दिवशी इंजेक्शन. सरकारी रुग्णालयात लस मोफत मिळते. जळगावकरांना शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, धुळेकरांना श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं. पुढचे डोस कधी, ते तिथेच सांगतात. ते चुकवू नका, डेडलाइन असली तरी!

वॉश बेसिक

घरातल्या धडधाकट मांजराला खरं तर आंघोळ लागतच नाही. त्याची जीभ म्हणजे ब्रश, कंगवा आणि स्पंज थ्री-इन-वन. २०१८ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की जिभेवरच्या काट्यांची टोकं पोकळ असतात. त्यांत लाळ भरते आणि केसांच्या मुळापर्यंत पोचते. आपण फक्त फणी फिरवायची.

आपल्याकडचा उन्हाळा मात्र वेगळा. मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळिशीकडे धावतो तेव्हा दया येऊन मांजराला नळाखाली धरू नका. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं दुपारचं पाणी चटका देतं. सावली, पिण्याचं पाणी, आणि पंजांवरून ओला फडका, बस्स.

संध्याकाळी मावशीला फोन केला. मी वाक्य पूर्ण करायच्या आत तिकडून आवाज चढला, ‘मांजरले आंघोय? येडी शे का वं तू? ते सोताच चाटी लेस ना!’ मग मी स्कूटीपासून दवाखान्यापर्यंत सगळं सांगितलं. डॉक्टरांनी छाती तपासली, दोन दिवस लक्ष ठेवा म्हणाले, हेही सांगितलं. ती जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘ऊब शे ना त्याले?’

शे, मावशी. खोक्यात, टॉवेलात, बाटलीला चिकटून झोपलंय. ग्रीस निघाल्यावर आतून निघाला झकास केशरी रंग. तिखट शेवेसारखा. म्हणून नाव ठेवलंय, शेव.